नानांचं स्यूडो

आमच्या रावेरकडे म्हाताऱ्या माणसाची तब्येत विचारायला कोणी आलं की ते आधी खाटेजवळ खुर्ची ओढतं, चहाला नको म्हणतं, मग चहा घेतं, आणि कप खाली ठेवला की तोंड पुढे नेऊन विचारतं, ‘‘वयखलं का मले? सांगा बरं, मी कोन?’’ म्हणजे ओळखलं का मला. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. म्हाताऱ्यानं नाव घेतलं की त्याला बरं वाटतं, म्हाताऱ्यालाही बरं वाटतं, आणि ‘‘अजून डोकं शाबूत आहे हो’’ असं म्हणत पाहुणा उठतो.

पण आई गेली त्या वर्षी नाना, म्हणजे माझे वडील, या प्रश्नाला एकच उत्तर द्यायला लागले. ‘‘मालूम नही.’’ तेही लगेच, समोरच्याकडे नीट न बघता. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचे. पाहुणा बाहेर ओट्यावर यायचा, जिभेनं च्‌ च्‌ करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, ‘‘गेलं आता नानांचं.’’ मी तिथे असले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी तशी फटकळच आहे. एका लांबच्या काकांना मी सरळ म्हटलं होतं, ‘‘तुम्ही दहा वर्षांनी उगवलात, मीसुद्धा तुम्हाला ओळखलं नाही.’’ ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. काही बिघडलं नाही माझं.

मी धुळ्याला असते. तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आता निवृत्तीला आले. शेती रावेर तालुक्यात, नानांची आणि माझ्या मोठ्या भावाची. त्याला मी दादा म्हणते. दादा आणि वहिनी नानांजवळ राहतात आणि मी सुट्टी मिळाली की बसने जाते. नानांनी जन्मभर केळी केली. दुसरं काही केलं नाही आणि दुसरं काही करावंसं त्यांना वाटलंही नाही.

आई हिवाळ्यात गेली. तेराव्यापर्यंत नाना ठीक होते, आल्यागेल्याला बस म्हणत होते. मग हळूहळू ते बोलेनासे झाले. आधी पेपर वाचणं सुटलं. मग जेवण निम्म्यावर आलं. मग चष्मा कुठे ठेवला, आंघोळ केली की नाही, आज बाजार आहे का, काहीच आठवेना. एकदा शेतातून येताना पाटाच्या वळणावर बराच वेळ नुसते उभे राहिले आणि गावातल्या कोणीतरी हाताला धरून घरी आणलं. दादा म्हणायचा वय झालं. वहिनी म्हणायची सासूबाईंचा धक्का आहे, निवळेल. मी फोनवर दोघांनाही हो हो म्हणायचे.

मग ते पिलांचं झालं.

केळीच्या एका झाडाला जन्मात एकच घड येतो. घड कापला की त्या झाडाचं काम संपलं. पण तोवर त्याच्या बुडाशी चारपाच पिलं फुटलेली असतात. त्यातलं एक राखायचं, बाकीची विळ्यानं कापून टाकायची, आणि राखलेलं पील पुढच्या घडाचं झाड होतं. याला आमच्याकडे पिलबाग म्हणतात. कोणतं राखायचं हे बघून ठरवावं लागतं. निमुळत्या, पातीसारख्या पानांचं पील चांगलं. लहानपणीच रुंद पानं काढून मिरवणारं पील पोकळ निघतं. शिवाय ते ओळीत कुठल्या बाजूला आहे, किती खोल आहे, हेही बघायचं. हे काम आमच्या घरात नानांचं. दादाला येत नव्हतं असं नाही, पण नाना असताना दादा त्याला हात लावत नसे. देवघरातल्या पूजेसारखं ते ज्याचं त्याचं होतं.

एक दिवस सकाळी नाना कोणालाही न सांगता विळा घेऊन गेले. कितीतरी दिवसांनी शेताकडे गेले म्हणून वहिनीला आनंदच झाला. दादा मागून पोचला तेव्हा नाना बांधावर बसले होते आणि एका अख्ख्या ओळीत एकही पील उभं नव्हतं. राखायचं तेही कापलेलं. दादानं विचारलं, ‘‘नाना, हे काय केलं?’’ नाना म्हणाले, ‘‘मालूम नही.’’

दादानं मला कॉलेजात फोन केला. मी स्टाफरूममध्ये होते. पलीकडे दादा रडत होता. आई गेली तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता. तो म्हणाला, ‘‘नानांनी पील कापलं, आता काय राह्यलं?’’ मला त्याला धीर द्यायला काही सुचलं नाही, कारण मलाही तेच वाटलं होतं. नाना वार विसरतील, चष्मा विसरतील, माणसं विसरतील. पण पील राखायचं विसरले म्हणजे आमचे नाना आता आत नाहीत, असंच आम्ही दोघांनी धरलं.

खरं सांगायचं तर मी फार घाबरले होते. माझ्या एका सहकारी बाईंची आई डिमेन्शियात, या विसरण्याच्या आजारात गेली. शेवटी शेवटी ती लेकीला ‘ताई, तुम्ही कुणाच्या?’ असं विचारायची. तेव्हापासून ते माझ्या पोटात बसलं होतं. म्हणून मी रावेरला गेले की नानांना हसून ‘कसे आहात’ विचारायचे, पाय चेपून द्यायचे, कॉलेजच्या गोष्टी सांगायचे, पण ‘ओळखलं का मला’ हे चुकूनसुद्धा विचारायचे नाही. पाहुण्यांवर डाफरायचे, ते नुसतं नानांच्या काळजीनं नव्हतं. त्यांना मिळतं तेच उत्तर उद्या मला मिळालं तर मी काय करू, हे मला कळत नव्हतं.

आम्ही नानांना जळगावला दाखवलं. मी धुळ्याहून बसने गेले, दादा गाडी करून नानांना घेऊन आला. मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासलं, आणि वयाच्या मानानं काही विशेष नाही म्हणाले. मग म्हणाले, मानसोपचारवाल्या डॉक्टरांना एकदा दाखवा. दादा तिथेच भडकला. ‘‘म्हणजे वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं? गावात काय सांगू?’’ मी म्हटलं, ‘‘गावात सांग, बहिणीचं डोकं फिरलं म्हणून गेलो होतो, नाना सोबतीला होते. गाव पटकन विश्वास ठेवेल.’’ दादानं तोंड फिरवलं. त्याला हसू येत होतं पण त्यानं ते दाखवलं नाही.

डॉक्टरबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. घाईत नव्हत्या. त्यांनी नानांना विचारलं, आज तारीख कोणती, हे गाव कोणतं, शंभरातून सात वजा करा, मी तीन वस्तूंची नावं सांगते ती थोड्या वेळानं परत सांगा. नाना प्रत्येकाला ‘‘मालूम नही’’. विचार न करता, प्रश्न संपायच्या आत. दादा खिडकीतून बाहेर बघत होता.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्या गप्पा मारल्या. केळी कशी आहेत, जेवता का, झोप लागते का. नानांनीच मध्ये म्हटलं, ‘‘डॉक्टरबाई, माझं डोकं गेलं. मले काहीच आठवत नही. घराले मी भार झालो.’’ असं ते घरीही दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. बाईंनी विचारलं, ‘‘नाना, त्या दिवशी पिलं का कापली?’’ आम्ही त्यांना ते आधी सांगितलं होतं. मला वाटलं आता पुन्हा तेच उत्तर येणार. नाना आपल्या हाताकडे बघत म्हणाले, ‘‘ठेवावंसं वाटलं नही. कोनासाठी ठेवायचं?’’

मी नानांकडे बघितलं. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा सरळ काही बोलले होते.

नानांना बाहेर बसवून बाईंनी आम्हाला समजावलं. ज्याची आठवण खरोखर झिजत जाते तो माणूस बहुधा ते लपवतो, म्हणाल्या. उत्तर येत नसलं तरी काहीतरी जुळवून सांगतो, हसून वेळ मारून नेतो, माझं सगळं ठीक आहे म्हणतो. नाना प्रयत्नच करत नाहीत आणि वर स्वतःच सांगतात की मी विसरतो. शिवाय सुरुवात कधी झाली ते तुम्हाला बोट ठेवून सांगता येतंय. मला हे खोल दुःख वाटतं, नैराश्य. म्हातारपणी ते विसरण्याचं रूप घेऊन येतं. याला स्यूडोडिमेन्शिया म्हणायची पद्धत आहे. ‘‘पुढेही लक्ष ठेवावं लागेल, वचन देत नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण औषधानं बरे होतील असं मला वाटतं. बऱ्यापैकी पहिल्यासारखे.’’

माझा जीव भांड्यात पडला. इतक्या जोरात पडला की मला हसू फुटलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांना वाटलं असेल हिलाही तपासावं लागणार. पण मला हसू यायचं कारण त्यांना कुठून माहीत असणार? मी जो शब्द वर्गात कंटाळा येईपर्यंत उच्चारला, ज्याच्यावर मुलं पेंगली, तोच मला माझे वडील परत देत होता.

स्यूडो. मी शाळेत असताना अमीबाच्या चित्राखाली तो पहिल्यांदा पाहिला. आपल्या पुस्तकात त्याला छद्मपाद म्हटलेलं होतं. अमीबाला पाय नसतात. अंगातलाच थोडा भाग तो पुढे ढकलतो आणि त्याच्यामागे सरकतो. मग काजू आला. ज्याला आपण रसाळ फळ म्हणून खातो ते बोंडू खरं फळ नव्हेच, देठ फुगलेला. फळ म्हणजे खाली लटकणारी ती बी. आणि सगळ्यांत शेवटी केळ. आमच्या स्वतःच्या शेतातली केळ. केळीचं खोड हे खोडच नाही हे मला कॉलेजात जाईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. तो पानांच्या देठांचा एकावर एक गुंडाळलेला जुडगा असतो. लाकडाचा अंशसुद्धा नाही. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. प्रॅक्टिकलला मी दर वर्षी खोड आडवं कापून मुलांना ती वर्तुळं दाखवते आणि सांगते, स्यूडो हे ग्रीक, याचा अर्थ खोटं. मुळात खोटं बोलणं, फसवणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलं. मुलं लिहून घेतात. मी पुढच्या मुद्द्यावर जाते.

त्या दिवशीही मी तशीच पुढे गेले. दवाखान्यासमोर टपरी होती. नाना गाडीत बसले होते, वहिनीनं दिलेली शाल पांघरून. दादा आणि मी चहा घेत होतो. दादानं विचारलं, ‘‘त्या स्यूडो म्हणाल्या, म्हणजे काय?’’ मी खुशीत होते. वर्गात सांगते तसं सांगून टाकलं, ‘‘खोटं.’’

दादाचा कप हातातच राहिला. तो म्हणाला, ‘‘म्हणजे नाना सोंग करत होते? माझी अख्खी ओळ कापून टाकली, तुझी वहिनी सकाळ-संध्याकाळ घास भरवते, मी दिवसभर त्यांच्या मागे फिरतो, आणि हे खोटं?’’

मला आधी रागच आला. ‘‘तू काय ऐकलंस आत बसून?’’ मी म्हटलं. टपरीवाला बघायला लागला म्हणून आवाज खाली आणला. पण राग ओसरल्यावर मला कळलं की दादाचं काही चुकलं नव्हतं. मी शब्द अर्धाच दिला होता. तो इतकी वर्षं मुलांनाही अर्धाच देत आले होते.

‘‘दादा, केळीचं खोड खोटं, हे तुला माहीत आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मला शिकवतेस?’’ दादा म्हणाला. ‘‘दर वादळात आडवी होतात ती झाडं कोणाची असतात?’’

‘‘मग ते तुझ्याशी खोटं बोललं का कधी? कधी म्हणालं का की मी सागवान आहे?’’

दादानं नाही अशी मान हलवली.

‘‘ते उभं असतं. आपण लांबून बघतो आणि आपणच त्याला खोड म्हणतो. फसतो आपण. पण त्याच्यावर जो घड लटकतो त्याचं वजन तर खरं ना? ते खोडच पेलतं ना?’’ मी म्हटलं. ‘‘नानांचं तसंच आहे. आपण बघितलं आणि म्हटलं, विसरायला लागले. ते विसरणं नव्हतं. पण आत जे होतं त्याचं वजन खरंच होतं. ते एकटे पेलत होते.’’

दादानं चहा संपवला, कप फेकला, आणि गाडीजवळ जाऊन नानांची शाल नीट केली. मग मला म्हणाला, ‘‘तिकडे वर्गात पोरांना पण असंच सांगत जा. नुसतं खोटं म्हणू नको.’’ मी त्याला म्हटलं, बरं. आपल्याकडे आभासी हा शब्दही आहेच की, आणि तो जास्त न्यायाचा आहे. त्यात लबाडी कोणाचीच नसते, फक्त दिसणं असतं. पुस्तकात केळीच्या खोडापुढे तो छापलेला होता आणि मी सोपं करून सांगायच्या नादात दर वर्षी तो ओलांडून जात होते.

गोळ्यांनी पहिले काही आठवडे काहीच केलं नाही. दादाचा धीर सुटत आला होता. बाईंनी सांगितलं होतं वेळ लागेल, आणि दोन गोष्टी बजावल्या होत्या: नानांना रिकामं बसवू नका, आणि त्यांची परीक्षा घेऊ नका. पहिली दादाकडे गेली. दुसरी मी वहिनीवर सोपवली. ‘‘जो कोणी ओळखलं का विचारेल त्याला चहा मिळणार नाही,’’ मी म्हटलं. वहिनी मऊ बाई, मला वाटलं हिच्याच्यानं होणार नाही. पण एका मावशीनं नानांपुढे वाकून तोंड उघडलं तसं वहिनी म्हणाली, ‘‘मावशी, मीच विसरले हो, तुम्ही कोण?’’ मावशी रागानं उठून गेल्या. वहिनीनं मला फोन करून हे सांगितलं आणि दोघी पोट धरून हसलो.

मग एक दिवस वहिनीचा पुन्हा फोन आला. आवाज वेगळाच. मी धसकले. ती म्हणाली, ‘‘नाना रागावले.’’ कशावर? भरतावर. वांग्याच्या भरताला मिरची कमी पडली, असं बेचव खाऊन माणूस जगेल कसा, असं म्हणाले आणि भाकरी मात्र दुसरी मागून घेतली. वहिनी रडत रडत सांगत होती. आयुष्यात कोणी स्वयंपाकाला नावं ठेवली म्हणून तिला इतका आनंद झाला नसेल. धुळ्यातल्या माझ्या शेजारच्या अक्का अहिराणी बोलतात. त्या रोज फाटकाशी विचारायच्या, ‘‘तुना बाप कसा शे आते?’’ म्हणजे तुझा बाप कसा आहे आता. त्या दिवशी मी म्हटलं, ‘‘अक्का, भांडायला लागले.’’ अक्का म्हणाल्या, ‘‘मंग बरा शे.’’

त्यानंतर चष्मा सापडायला लागला. पेपर परत उघडला. दादानं त्यांना शेतावर नेलं, पण विळा काही त्यांच्या हातात दिला नाही. ती भीती त्याच्या मनातून जात नव्हती. माझीही भीती कुठे गेली होती? मी अजूनही नानांना तो प्रश्न विचारला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी रावेरला गेले. घरी वहिनी एकटीच होती. म्हणाली, दोघं शेतात आहेत. मी तशीच निघाले. ऊन होतं म्हणून तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, धुळ्यात गाडीवरून फिरणाऱ्या सगळ्या बायकांसारखी. बांधावर दादा बसला होता. मला बघून त्यानं नुसतं बोट केलं.

ती कापलेली ओळ. तिथे पुन्हा पिलं फुटली होती. ती फुटणारच होती. कंद जमिनीत शाबूत असताना वरून कितीही कापलं तरी केळ मरत नाही, हे मी मुलांना शिकवते आणि दादाला तर ते चालायला लागल्यापासून माहीत आहे. पीक थोडं मागे पडलं इतकंच. दादा फोनवर रडला तो ओळीसाठी रडला नव्हता.

ओळीत नाना वाकलेले होते. हातात विळा. एका बुडाशी तीन पिलं होती. त्यांनी रुंद पानांचं कापलं, आतल्या बाजूचं कापलं, आणि निमुळत्या पानांचं एक राखलं. त्याच्या बुडाशी पायानं माती सारली. मग पुढच्या झाडाकडे. मी ओळीच्या तोंडाशी उभी राहिले. पुढे जायचं धाडस होईना.

नानांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. ओढणीकडे, काळ्या चष्म्याकडे, बराच वेळ. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. इतके दिवस मी ज्याला टाळत होते ते आता समोर आलं, असं मला वाटलं.

‘‘वयखलं का मले?’’ नाना म्हणाले. ‘‘सांग बरं, मी कोन?’’

मला क्षणभर काही कळलं नाही. मग त्यांच्या मिशीचा एक कोपरा हलताना दिसला. मी चष्मा काढला. ओढणी सोडली. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम.

‘‘मालूम नही,’’ मी कसंबसं म्हटलं.

‘‘मंग तुलेच दाखवा लागीन डॉक्टरले,’’ नाना म्हणाले, आणि पुढच्या झाडाशी वाकले.